टेबल सॉ : कड जळते, पट्टी निमुळती निघते – तिसरं पातं घेण्याआधी हे मोजा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. पांढरकवड्याजवळ काम, बिडाच्या टेबलाची १० इंची पात्याची टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याने लाकूड कापायची मशीन), सागाची सहा फुटी पट्टी फाडली, म्हणजे लांबीच्या दिशेने कापली, की शेवटचं टोक अर्धा सूत (सुमारे दीड मि.मी.) अरुंद, फेन्सकडची (लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीकडची) कड काळी पडून राहिली, आणि दुकानदार म्हणतो पातं बदला. दोन पाती बदलून झाली तरी तेच. आमच्या मशीनवर हे दुखणं जसंच्या तसं होतं, म्हणून लांबलचक लिहितो. प्लग काढून मोजमाप करायचं, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरं पातं घेऊ नका. साग पात्याची धार लवकर खातो हे खरं, त्याच्यात सिलिका असते. पण बोथट पातं दोन्ही कडा जाळतं. फक्त फेन्सकडची कड जळत असेल तर पात्याची मागची बाजू आणि फेन्स यांच्यामध्ये लाकूड चिमटीत सापडतंय. नवं पातं लावलं की चार दिवस बरं वाटतं, कारण ताजे दात चिमटीतूनही कापत जातात. मग पुन्हा काळं.

निमुळती पट्टी मात्र वेगळं दुखणं आहे, ते यात मिसळू नका. लाकूड शेवटपर्यंत फेन्सला चिकटून राहिलं तर पट्टीची रुंदी एकसारखीच निघते, फेन्स जराशी तिरपी असली तरी. रुंदी बदलते ती तीन कारणांनी : लाकूड फेन्सपासून सुटतं, फेन्सचं मागचं टोक दाबाने सरकतं, किंवा फेन्सला टेकवलेली कडच कमानी असते. सहा फुटी फळीची कड रंधा मशीनवर सरळ करून घेतली होती का, हे पोस्टमध्ये नाही. घेतली नसेल तर मशीनचा अर्धा गुन्हा माफ करा.

तपासणीसाठी सागाची फळी वापरूच नका. अख्ख्या लाकडात ताण असतो, फाडताना ते पात्यामागे उघडतं किंवा मिटतं, आणि तुम्ही मशीनला दोष देत बसता. १८ मि.मी. प्लाय किंवा एमडीएफचा तुकडा घ्या. प्लायवर काप बरोबर आणि सागावर चुकीचा, तर दुखणं लाकडात आहे.

आता मुख्य गोष्ट. या मशीनवर सगळ्याचा आधार म्हणजे मायटर गेज (आडवा काप घेताना लाकडाला आधार देणारी सरकती पट्टी) जिच्यात सरकतो ती टेबलाची खाच. ती टेबलातच कोरलेली असते, हलत नाही. आधी पातं खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला समांतर, मग मायटर गेज ९० अंशांत. हा क्रम मोडला की पुढचं सगळं बिघडतं. मोडणारे बहुतेक वेळा विक्रेत्याच्या सेवा केंद्रातून आलेले असतात. आमच्याकडे आलेल्या माणसाने जे केलं ते अगदी नेहमीचं : खिशातून टेप काढली, पात्याच्या पुढून आणि मागून फेन्सपर्यंत मोजलं, फेन्स ठोकून दोन्ही माप सारखं केलं, 'मशीन ठीक आहे' असं लिहिलेल्या कागदावर सही घेतली आणि गेला. पातं खाचेला तिरपं होतं ते तिरपंच राहिलं, वर फेन्सही तेवढीच तिरपी झाली. फाडकाम ठीक दिसू लागलं, म्हणून शंका आली नाही. पण मायटर गेजवर आडवा काप घेतला की मागचे दात कापलेल्या तोंडावर परत घासायचे. ते झाकायला गेज फिरवला गेला. एका चुकीवर तीन चुका बसल्या, आणि चौकटीच्या कुसवांचे (भोकात बसणाऱ्या टोकांचे) खांदे उघडे राहू लागले. गिऱ्हाईक मशीन बघत नाही, खांद्यातली फट बघतं. तक्रार केली तर केंद्राचं उत्तर तयार : तुमच्या सहीचा कागद आहे, पातं बदला.

म्हणून सेवा केंद्राचा माणूस आला तर त्याच्याकडून पात्याचं पुढचं आणि मागचं माप मि.मी.मध्ये कागदावर लिहून घ्या. आकडा नसेल तर सही करू नका. माप घ्यायचं साधन न आणता जो अलाइनमेंट करायला येतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

मोजायचं कसं ते सांगतो. डायल गेज (बारीक फरक काट्यावर दाखवणारं साधन) असेल तर उत्तम. लेथवाल्याकडे मॅग्नेटिक स्टँडसकट असतो, ओळखीवर मिळतो. नसेल तर फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचा संच) चालते, दुचाकीचं टॅपेट सेट करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे असते तीच. मायटर गेजवर एक पट्टी क्लॅम्पने घट्ट बांधा, पात्याकडच्या टोकात पितळी स्क्रू बसवा. पातं पूर्ण वर करा. एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून स्क्रू आणि दात यांच्यातली फट मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, गेज खाचेत सरकवा आणि पुन्हा मोजा. तोच दात, हे विसरू नका. पुढे एक दात आणि मागे दुसरा मोजला तर पात्याची लचक (फिरताना डावी-उजवीकडे डुलणं) मापात मिसळते, आणि नसलेला तिरपेपणा दुरुस्त करण्यात दिवस जातो. गेजचा दांडा खाचेत हलत असेल तर दोन्ही मापं घेताना तो खाचेच्या एकाच भिंतीला दाबून धरा.

फरक ०.१ मि.मी.च्या आत हवा. साध्या ८० जीएसएम झेरॉक्स कागदाची जाडी जवळपास तेवढीच असते, यावरून अंदाज येईल. ०.०५ मिळालं तर सोडून द्या, आणखी खेचू नका. गेज डावीकडच्या खाचेत असून मागची फट जास्त निघाली, तर पात्याची मागची बाजू उजवीकडे, म्हणजे फेन्सकडे झुकलेली आहे. तुमच्या लक्षणावरून तुम्हाला हेच सापडेल असं वाटतं, पण मशीन न बघता खात्रीने सांगत नाही.

मापाआधी पातं काढून फ्लँज (पात्याला धरणाऱ्या चकत्या) दोन्ही बाजूंनी साफ करा. तिथे सागाचा चीक आणि भुसा दगडासारखा बसतो. फ्लँजवरचा छोटासा कण पात्याच्या कडेला कितीतरी पटीने मोठी लचक देतो. केरोसीन आणि पितळी ब्रश पुरे, सँडपेपर मारू नका.

सरकवायचं काय, ते मशीनवर अवलंबून. काहींत टेबलाचे चार बोल्ट सैल करून टेबल फिरवतात, काहींत टेबलाखाली लटकलेला ट्रनियनचा (पातं धरून कलतं करणाऱ्या सांगाड्याचा) भाग फिरवावा लागतो. दोन्हींत तीन बोल्ट सैल करा, चौथा हलका कसलेला ठेवा म्हणजे त्याच्याभोवती फिरेल. लाकडी ठोकळा मध्ये धरून हळू ठोका. मग खरी गंमत : बोल्ट कसताना माप हलतं. सैल असताना शून्य आलं म्हणून एकदम कसलं की ०.१-०.२ सहज सरकतं. समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने कसा आणि कसल्यावर पुन्हा मोजा. कसण्याआधीचं माप धरू नका.

गावठी अँगलच्या फ्रेमची, मोटर-बेल्टवर चालणारी मशीन असेल तर ट्रनियन नसतो. २५ मि.मी. शाफ्ट असेल तर यूसीपी २०५ असे दोन प्लमर ब्लॉक (शाफ्ट धरणारे बेअरिंगचे ठोकळे) असतात, त्यातला मोटरपासून लांबचा सैल करून ठोकायचा. नंतर बेल्ट आणि दोन्ही पुलींवर दोरा ताणून सरळ रेषेत आहेत का बघायचं, नाहीतर बेल्ट शाफ्टला परत ओढतो.

४५ अंशांवर पातं कलतं करून तेच माप पुन्हा घ्या. ९० वर बरोबर आणि ४५ वर चुकीचं असेल तर टेबल पुढून किंवा मागून खाली आहे. बोल्टखाली शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याचा तुकडा घाला, तो साधारण ०.१ मि.मी. असतो. कलते काप कधीच करत नसाल तर हे सोडून द्या.

आता फेन्स. तीही खाचेवरूनच मोजायची, पात्यावरून नाही. मागचं टोक बरोबर समांतर, किंवा ०.१ ते ०.२ मि.मी. बाहेर. आत कधीच नाही. आत म्हणजे चिमटा, चिमटा म्हणजे जळकी कड आणि लाकूड उलटं अंगावर येणं. फार बाहेर गेली तर मागचे दात दुसऱ्या बाजूच्या तुकड्याला घासतात, म्हणजे डाग बाजू बदलतो. फेन्स लॉक करून मागच्या टोकाला बोटाने जोरात रेटा. हललं तर तुमचा अर्धा सूत तिथेच सापडला. कित्येक स्वस्त फेन्स फक्त पुढून अडकतात. मागे सी-क्लॅम्प लावणं हा इलाज, दिसायला वाईट आहे पण चालतो.

पातं टेबलाला ९० अंशांत आहे का, हे गुण्याने दातांवर नाही तर दातांच्या मधल्या सपाट पत्र्यावर बघा. गुण्याचीही खात्री करा : सरळ कडेवरून रेष मारा, गुण्या उलटा करून त्याच ठिकाणी दुसरी मारा, दोन्ही एकावर एक आल्या तर गुण्या खरा. ९० च्या स्टॉप स्क्रूसमोर भुसा अडकलेला असतो, तो न काढता स्क्रू फिरवत बसू नका.

मायटर गेजसाठी गुण्यावर विसंबू नका, पाच कापांची पद्धत वापरा. ४०० मि.मी.च्या आसपास चौकोनी प्लाय घ्या. एक बाजू कापा, कापलेली कड गेजला लावून दुसरी, असं फिरवत चार. पाचव्या वेळी पहिलीच कड पुन्हा कापा, इंचभर रुंदीची चीप काढा. व्हर्नियरने चिपेची दोन्ही टोकं मोजा. समजा फरक १.६ मि.मी. त्याला ४ ने भागा, ०.४. म्हणजे ४०० मि.मी.ला ०.४, मीटरला १ मि.मी. चूक. ७५० मि.मी. रुंद दारावर पाऊण मि.मी. मीटरला ०.२ च्या आत आलं की दारं-खिडक्यांना पुरेसं, असं माझं मत. कपाटाच्या ड्रॉवरवाले यापेक्षा कडक असतील.

पात्यामागची रायव्हिंग नाइफ (कापलेली फट मिटू न देणारी पट्टी) बहुतेकांनी काढून कोपऱ्यात टाकलेली असते. ती परत लावा. तिची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. पत्रा २.२, काप ३.२ असेल तर २.५ ची बरोबर. पात्याच्या रेषेत नसेल तर तीच लाकडाला फेन्सकडे ढकलते आणि सगळं अलाइनमेंट वाया जातं. जाड सागाला ती नसताना फाडकाम करू नये, यावर मी वाद घालत नाही.

एक बाजूचा मुद्दा, पण आपल्या भागात महत्त्वाचा : व्होल्टेज. सिंगल फेजवर २३० ऐवजी १८० आले तर मोटरची ओढ (फिरवण्याची ताकद) साठ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणात चालते. पातं मंदावतं, हात जोर लावतो, कड जळते, आणि आपण फेन्स ठोकतो. विजेच्या मीटरपासून शेड ३० मीटर असून वायर दीड चौरस मि.मी. तांब्याची असेल तर १० अँपिअरवर सात व्होल्ट तिथेच पडतात, आणि सुरू होताना चाळीसच्या आसपास. चार चौरसची ओढा. पातं फिरत असताना, कापताना व्होल्टेज मोजा. मशीन बंद असतानाचा आकडा काही सांगत नाही.

काळ्या मातीवर पातळ कोबा टाकून मशीन ठेवली असेल तर उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते. बिडाच्या टेबलाची खाच-पातं त्याने फारसं हलत नाही, पण मागे लाकूड झेलणारं टेबल वर-खाली होतं आणि लांब फळी पात्यावर उचलली जाते. मृगात एकदा आणि दसऱ्याला एकदा लेव्हल लावून बघा. अँगल फ्रेमवाल्यांनी तर प्रत्येक पायाखाली पाचर ठेवावीच. लाकडाचंही तसंच : मे महिन्यात वाळलेली पट्टी श्रावणात फुगते, तेव्हा मोजमाप आणि जोडणी एकाच आठवड्यात करा.

रंध्याबद्दल थोडक्यात, कारण सरळ कड तिथूनच येते. मागचं टेबल सुरीच्या सर्वांत उंच टोकाशी बरोबर एका पातळीत हवं. टेबलावर लाकडी सरळपट्टी ठेवून ड्रम हाताने फिरवा, सुरीने ती साधारण ३ मि.मी. पुढे ओढली पाहिजे, सगळ्या सुऱ्यांनी आणि दोन्ही टोकांना सारखीच. टेबल खाली असेल तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो, वर असेल तर फळी टेबलाच्या ओठाला अडते. बोटं जपा.

मशीन वॉरंटीत असेल तर बोल्ट सैल करण्याआधी कार्ड वाचा. काही कंपन्या त्यावरून हात वर करतात, मी अधिकृत मेकॅनिक नाही. सेवा केंद्र दादच देत नसेल तर आधी लेखी तक्रार, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. 'धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही' असं सांगून ते वाटेला लावतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या श्रमाने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे. तुमच्या कामाला ते कितपत लागू होईल, हे मात्र वकिलाला विचारा.

तुम्ही आता एवढं करा : पात्याचं पुढचं-मागचं माप, फेन्सचं पुढचं-मागचं माप, पाच कापांच्या चिपेची दोन्ही टोकं, आणि चालू मशीनवरचं व्होल्टेज. हे आकडे इथे टाका, फोटो असेल तर तोही. त्यावरून कुठला बोल्ट ते सांगता येईल.