भिंतभर घरटी, पण पिल्लं उडाली का?

प्रश्न : अंदमानातल्या गुहांमधून पाकोळ्यांची घरटी खाण्यासाठी विकायला चोरून नेतात, असं वाचलं. पण फोटोत तर गुहेची भिंत पांढऱ्याशुभ्र घरट्यांनी भरलेली दिसते. मग पक्षी धोक्यात कसा? आणि तिथल्या अंधारात मोजणी कशी करतात?

उत्तर : पांढरीशुभ्र घरटी एकजात दिसली की मला तरी धास्ती वाटते. ही पाकोळी नुसत्या लाळेनं घरटं बांधते, त्याला महिनाभर किंवा जास्तच लागतो. पिल्लं वाढू लागली की काठाला विष्ठा आणि बारीक पिसं चिकटतात, घरटं मळतं. ऐन हंगामात सगळी घरटी कोरीच असतील, तर आधीची कुणीतरी खरवडून नेलीत आणि बिचारी पाखरं पुन्हा बांधायला बसलीत, असं समजावं. पाकोळी बरीच वर्षं जगते. त्यामुळे एकही पिल्लू उडालं नाही तरी गुहा काही काळ गजबजलेलीच दिसते!

म्हणून नुसती घरटी मोजून भागत नाही. प्रत्येक घरट्याला नंबर देऊन अंडी आली का, पिल्लं उडाली का, हे हंगामभर टिपावं लागतं. उंचावरच्या घरट्यात डोकवायला काठीला आरसा बांधतात. उजेड मंद आणि जेमतेम ठेवायचा, फ्लॅश तर मुळीच नाही. अंधारात पाकोळ्या टकटक आवाज काढत त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात, तो आवाज आपल्यालाही ऐकू येतो. एक सावधगिरी : तोंडाशी, उजेडात असलेली गवत-शेवाळाची घरटी बहुधा दुसऱ्या जातीच्या पाकोळीची असतात. ती हिशेबात धरू नका.

अंदमान-निकोबारच्या गुहा सालीम अली पक्षिविज्ञान केंद्राच्या रवी शंकरन यांनी 1990 च्या दशकात पालथ्या घातल्या. दहा वर्षांत पक्षी 80 टक्क्यांहून जास्त घटल्याचं त्यांनी मांडलं. पुढे वनखात्याबरोबर गुहांवर पहारा बसवला, आणि त्यासाठी माणसं निवडली ती घरटी काढणाऱ्यांतलीच. मला हे फार मोलाचं वाटतं. कुठल्या कपारीत किती घरटी आणि चोर कुठल्या वाटेनं शिरतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पिल्लं उडून गेल्यावर रिकामं घरटं काढलं तर पक्ष्याचं नुकसान होत नाही, हेही त्यांना पटवता येतं.

तुम्हाला कधी अशी गुहा सापडली, तर फोटोसोबत ठिकाण टाकू नका. आधी वनखात्याला कळवा.