वाचक विचारतात : ‘यांधी’चं नेमकं झालं काय?

अमेरिकी रॅपर ये, म्हणजे पूर्वीचा कान्ये वेस्ट, याने २०१८ मध्ये ‘यांधी’ हा अल्बम जाहीर केला आणि तो कधीच आला नाही; त्यातली अपुरी गाणी मात्र इंटरनेटवर फुटली. त्याविषयीच्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. ‘फाइल कुठे मिळेल?’ एवढंच विचारणाऱ्यांना इथे उत्तर मिळणार नाही.

प्रश्न : अल्बम पूर्ण तयार होता आणि कान्येच्या वादग्रस्त वक्तव्यांमुळे रेकॉर्ड कंपनीने तो दाबून ठेवला, असं ऐकतो. खरं आहे का?

उत्तर : दोन्ही भाग पटणारे नाहीत. वादाचंच बघा. गुलामगिरी हा जणू निवडीचा प्रश्न होता, अशा अर्थाचं त्याचं वक्तव्य १ मे २०१८ चं. त्यानंतर बरोबर महिन्याने, १ जूनला, त्याचा ‘ये’ अल्बम आला आणि बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. तेव्हा वाद आडवा आला नाही, तर चार महिन्यांनी का यावा? आदिदासने त्याच्याशी संबंध तोडले ते ज्यूविरोधी वक्तव्यांनंतर, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये. तोवर ‘यांधी’ मागे पडून तीन वर्षं होऊन गेली होती.

आता तारखा. घोषणा सप्टेंबर २०१८ च्या मध्यावर, प्रकाशन २९ सप्टेंबरला; म्हणजे हातात दोन आठवडेसुद्धा नाहीत. त्याच रात्री तो ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात गायला, पण अल्बम आला नाही. मग २३ नोव्हेंबरची तारीख मिळाली. मधल्या काळात तो रेकॉर्डिंगसाठी युगांडाला गेला. नोव्हेंबरच्या मध्याला रॅपर किड कडीबरोबरच्या कार्यक्रमानंतर त्यानेच ट्वीट केलं की अल्बम अजून तयार नाही, झाला की तारीख सांगेन. ती तारीख आलीच नाही. जानेवारी २०१९ पासून ‘संडे सर्व्हिस’ हे गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतांच्या) गायनाचे मेळावे सुरू झाले आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे वळलं. आधी तारीख जाहीर करायची आणि मग गाणी जुळवायची ही त्याची जुनी खोड आहे. बहुतेक वेळा ती निभावते, या वेळी निभावली नाही.

प्रश्न : मग त्यातली गाणी वाया गेली का?

उत्तर : बरीचशी रूप बदलून बाहेर आली. ‘यांधी’ म्हणजे कपाटात ठेवलेली पूर्ण वस्तू नव्हे. ते सतत हलणारं कच्चं सामान होतं, आणि हे लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जातं.

‘लॉ ऑफ अ‍ॅट्रॅक्शन’ (त्याआधीचं नाव ‘चक्राज’) हे २५ ऑक्टोबर २०१९ च्या ‘जीझस इज किंग’मध्ये ‘यूज धिस गॉस्पेल’ झालं. तिथे ‘क्लिप्स’ या रॅप जोडीचे दोघे भाऊ पुन्हा एकत्र आले आणि केनी जीचा सॅक्सोफोन वाजला. ‘द स्टॉर्म’मध्ये जून २०१८ मध्ये मारल्या गेलेल्या रॅपर एक्सएक्सएक्सटेंटासियोनचा आवाज होता. त्याच अल्बममध्ये ते ‘एव्हरीथिंग वी नीड’ म्हणून आलं, तेव्हा तो आवाज गेला आणि टाय डॉला साइन व अँट क्लेमन्स हे गायक राहिले. दोन्ही पाठोपाठ ऐकली की चालीची हाडं तीच आणि अंगावरचे कपडे वेगळे, हे लगेच कळतं.

‘हरिकेन’ने सगळ्यांत जास्त वाट पाहायला लावली. फुटलेल्या रूपात मुखडा अँट क्लेमन्सचा आहे. २९ ऑगस्ट २०२१ ला ते ‘डोंडा’मध्ये आलं तेव्हा मुखडा द वीकेंडकडे आणि एक कडवं लिल बेबीकडे गेलं. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमीही मिळालं. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’वर त्या रात्री म्हटलेलं ‘वी गॉट लव्ह’ शेवटी टियाना टेलरच्या २०२० च्या अल्बममध्ये गेलं.

अडकलं ते ‘न्यू बॉडी’. निकी मिनाज आणि टाय डॉला साइन असलेलं हे गाणं शरीराविषयी उघड बोलणारं. कान्येला ते गॉस्पेलकडे वळवायचं होतं. त्यासाठी वेगवेगळी कडवी लिहूनही एकमत झालं नाही, असं मिनाजने स्वतः सांगितलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये गाणं पुन्हा काढायचं ठरत होतं, तेव्हा तिने परवानगी नाकारली. पाहुणा कलाकार नाही म्हणाला की त्याचा भाग काढून टाकायचा किंवा गाणंच ठेवून द्यायचं, तिसरा मार्ग नाही.

प्रश्न : माझ्याकडे ‘मूळ, मास्टर केलेला, फ्लॅक’ अशी जाहिरात केलेली संपूर्ण ‘यांधी’ आहे. ती अस्सल आहे का?

उत्तर : ‘मास्टर केलेला’ म्हणजे प्रकाशनाआधीचा शेवटचा हात फिरवलेला, ‘फ्लॅक’ म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता साठवलेली फाइल. पण ‘संपूर्ण’ हा शब्द दिसला की तिथेच थांबा. अंतिम क्रमवारीच कधी झाली नाही, त्यामुळे तुमच्याकडचा क्रम कुणा चाहत्याने लावलेला आहे. वाईट असेलच असं नाही, पण मूळ नाही. सुट्या गाण्यांची तपासणी मात्र करता येते.

पहिली तपासणी डोळ्यांनी. फाइल स्पेक या प्रोग्रॅममध्ये उघडा, किंवा ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या वारंवारतेचा आवाज किती, याचं चित्र) निवडा. ४४.१ किलोहर्ट्झच्या खऱ्या फ्लॅकमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंत जागा असते आणि झांजांच्या ठोक्यांवर रंग वरपर्यंत चढतो. सरळ कापल्यासारखी कड १६ किलोहर्ट्झच्या आसपास दिसली तर मूळ माल १२८ केबीपीएसचा (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ किंवा व्हिडिओवरून उतरवलेला आवाज. कड २० च्या जवळ असेल तर बहुधा ३२० चा एमपी३. फ्लॅकमध्ये गुंडाळल्याने गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते. एक सावधगिरी : फोनवर गुणगुणलेला कच्चा आवाज मुळातच वरच्या पट्टीत रिकामा असतो. तिथे उतार हळूहळू येतो, सुरीने कापल्यासारखा नाही. कड शोधायची, अंधार नाही.

दुसरी तपासणी आवाजाच्या पातळीची. मास्टर केलेलं रॅप सर्वसाधारणपणे उणे ८ ते उणे १० एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप; शून्याजवळ तितका मोठा) घरात असतं, कच्चं मिक्स, म्हणजे गळा आणि वाद्यं नुसती एकत्र केलेली प्रत, त्याहून बरंच खाली. दहा गाण्यांपैकी तीन उणे ९ वर आणि बाकी उणे १६ वर असतील, तर माल वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केलेला आहे. सगळी गाणी अगदी एकाच आकड्यावर असतील तर कुणीतरी नंतर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर आणणारं साधन) फिरवलाय. त्या ‘मास्टर’चा स्टुडिओशी संबंध नाही.

तिसरी, अर्धवट शब्दांची. या काळातल्या बऱ्याच फाइलींत कान्ये नुसती चाल धरून अर्थहीन उच्चार करतो. शब्द नंतर भरायचे असतात. तुमच्या प्रतीत तिथे स्वच्छ, पूर्ण ओळी असतील तर संशय घ्या. हुबेहूब आवाज बनवणारी साधनं २०२३ पासून सर्वांच्या हाती आली, गळती मात्र मुख्यतः २०१९ च्या उन्हाळ्यातली. म्हणून कसोटी सोपी आहे : हे कडवं २०२३ पूर्वीच्या कुठल्याही प्रतीत आहे का? नसेल तर स, श, च हे वर्ण हेडफोनवर ऐका. बनावट आवाजात ते ओले, चिकटलेले येतात आणि दोन ओळींच्या मध्ये श्वास नसतो. फाइलीवरची तारीख आणि टॅग यांवर मुळीच विसंबू नका, ते कुणीही बदलतो.

प्रश्न : एकाच गाण्याचे चार ‘मिक्स’ आहेत. कानाला तर सारखेच वाटतात. खरंच वेगळे आहेत का?

उत्तर : वजाबाकी करून बघा. दोन्ही फाइली ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह (WAV) प्रकारात बदलून ऑडॅसिटीत एकाखाली एक ठेवा. पहिल्या ड्रमच्या ठोक्यावर झूम करून लाट अगदी नमुन्यावर नमुना (डिजिटल आवाजाचे सेकंदाला ४४,१०० तुकडे) जुळवा. पातळी सारखी करा. मग एका ट्रॅकवर इन्व्हर्ट (लाट उलटी करणारी सोय) लावा आणि दोन्ही एकत्र वाजवा. शांतता पसरली तर मिक्स एकच. बारीक सळसळ उरली तर मिक्स एकच, पण एक प्रत एमपी३सारखी दाबलेली. नुसता गळा उरला तर वाद्यं तीच आहेत, गायन बदललं आहे किंवा एका प्रतीत नाहीच.

फसतं ते दोन ठिकाणी. एमपी३ बनवताना आणि उघडताना सुरुवातीला रिकामे नमुने जोडले जातात. लेम या एमपी३ बनवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये साधारण ११०५, म्हणजे २५ मिलिसेकंद. ते न काढता वजाबाकी केली तर एकच फाइलसुद्धा वेगळी वाटेल. आणि पातळीत १ डेसिबलचा फरक राहिला तर उरलेला आवाज मूळच्या जेमतेम १९ डेसिबल खाली असतो, म्हणजे चांगला ऐकू येतो. सुरुवातीला शांतता आणि पुढे पुढे आवाज वाढत गेला, तर एका प्रतीचा वेग किंचित बदललेला आहे.

प्रश्न : न आलेलं गाणं मी स्वतः गाऊन अमेरिकी स्ट्रीमिंग सेवेवर कव्हर म्हणून टाकलं तर चालेल? आणि चाहते वर्गणी काढून न आलेली, चोरीची गाणी विकत घेतात, ते कायदेशीर आहे का?

उत्तर : कव्हरसाठी अमेरिकेत सक्तीचा (हक्कधारकाला नाकारता न येणारा) परवाना मिळतो तो कॉपीराइट कायद्याच्या कलम ११५ खाली, पण हक्कधारकाच्या संमतीने गाणं आधी एकदा बाहेर आलेलं असावं लागतं. ‘न्यू बॉडी’ला तो दरवाजा बंद, हक्कधारकांची थेट परवानगी हवी. वर्गणीचं म्हणाल तर पैसे देऊन हक्क मिळत नाही, चोरीच्या मालाची प्रत मिळते, आणि पुढच्या चोरीला भांडवल. प्रकाशनासाठी तयार होत असलेली कृती इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करणं हा २००५ पासून तिथे फौजदारी गुन्हा आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत कैद, नफ्यासाठी असेल तर ५.

प्रश्न : मुखपृष्ठावर ती चौकोनी वस्तू कसली?

उत्तर : मिनिडिस्क, म्हणजे चौकोनी कवचातली छोटी डिस्क. २०१३ च्या ‘यीझस’वर पारदर्शक डबीतली सीडी होती, त्याचाच पुढचा खेळ. नावात ‘ये’ आणि ‘गांधी’ यांची सांधेजोड आहे असं सर्रास मानलं जातं. गाण्यांत मात्र गांधी शोधत बसू नका.