पिन बसली, पण अर्थिंगचं काय?

परदेशात राहणाऱ्या आणि परदेशी निघालेल्या वाचकांचे प्रश्न यावेळी एकत्र घेतले आहेत. देश वेगळे, सॉकेटं वेगळी, पण बहुतेक पत्रांत एकच गृहीत दिसतं : पिन आत गेली की काम झालं. ॲडॅप्टर फक्त पिनचा आकार बदलतो. तो व्होल्टेज कमी-जास्त करत नाही आणि भिंतीत नसलेलं अर्थिंगही आणून देत नाही. एवढं लक्षात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत.

प्रश्न : दुबईत आम्ही चौघे एका फ्लॅटमध्ये राहतो. भारतातून आणलेली टू-पिन इथल्या तीन चौकोनी भोकांच्या सॉकेटात जात नाही. वरच्या भोकात पेन खुपसला की खालची दोन भोकं उघडतात आणि पिन बसते. सगळेच असं करतात. यात धोका नक्की काय?

उत्तर : सगळेच करतात हे खरं आहे, जुना रूममेट नव्याला शिकवतो आणि प्रथा पुढे चालू राहते. तुमच्याकडची सॉकेटं ब्रिटिश पद्धतीची आहेत. त्या पिनमधली अर्थची दांडी मुद्दाम लांब ठेवलेली असते. ती आधी आत शिरते, आतली झडप उघडते आणि मगच फेज-न्यूट्रलच्या दांड्यांना वाट मिळते. लहान मुलाने तार किंवा चमचा घातला तरी काही होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. पेनाने तुम्ही नेमकी तीच निकामी करता. पेन धातूचा असेल तर तो थेट अर्थच्या पट्टीला टेकलेला असतो, हे वेगळंच.

दुसरी गोष्ट आतली, म्हणून दिसत नाही. चपट्या जाड दांडीसाठी केलेल्या पट्ट्यांत तुमची बारीक गोल पिन एखाद्या बिंदूलाच टेकते. तिथे उष्णता तयार होते, ठिणग्या पडतात, प्लास्टिक पिवळं पडतं. पट्ट्या एकदा फाकल्या की नंतर योग्य पिनही सैल बसते.

तिसरी गोष्ट फ्यूजची, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ब्रिटिश पिनच्या पोटात फ्यूज असतो, कारण भिंतीतलं सर्किट बऱ्याचदा ३२ अँपिअरच्या ब्रेकरवर असतं. टेबललॅम्पची बारीक वायर वितळायला लागली तरी त्या ब्रेकरला पत्ता लागत नाही. वायर वाचवायची ती पिनमधल्या फ्यूजने. तुमच्या टू-पिनमध्ये तो नाहीच.

उपाय अगदी स्वस्त आहे. १३ अँपिअरची फ्यूजवाली पिन विकत घ्या आणि वायरला तीच बसवा : तपकिरी फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. साधारण ७०० वॅटपर्यंतच्या वस्तूला ३ अँपिअरचा फ्यूज, इस्त्री-किटलीला १३ चा. मोबाइल चार्जरची पिन कापता येत नाही, त्याला तिथलाच चार्जर घ्यावा.

प्रश्न : सासूबाई पुण्याहून ७५० वॅटचा मिक्सर घेऊन न्यू जर्सीला आल्या. ॲडॅप्टर लावून चालवला तर घरघरतो, पण ओलं खोबरंही वाटलं जात नाही. नवऱ्याचं म्हणणं, ड्रायरसाठी घरात २४० व्होल्टचं सॉकेट आहे, तिथे पिन बदलून लावू. लावावा का?

उत्तर : नको. पण कारण समजून घ्या, कारण तुमच्या यजमानांचा हिशेब वरवर बरोबर दिसतो.

आपल्याकडे २३० व्होल्ट म्हणजे एक फेज आणि एक न्यूट्रल. अमेरिकेत ड्रायरच्या सॉकेटातले २४० व्होल्ट दोन जिवंत तारांमधून मिळतात. दोन्ही अर्थच्या मानाने १२० व्होल्टवर असतात. मिक्सरचं बटण एकच तार तोडतं. म्हणजे मिक्सर बंद केलात तरी आतली मोटर दुसऱ्या तारेने जिवंतच राहणार. शिवाय तो ब्रेकर साधारण ३० अँपिअरचा असतो. मिक्सरची वायर जळेल, तो पडणार नाही.

आता नुसत्या ॲडॅप्टरचं. व्होल्टेज जवळपास निम्मं झालं की मोटरचा जोर पार उतरतो. भांड्यात पातं अडकतं, मोटर फिरत नाही पण करंट घेत राहते आणि तापते. घरघर ऐकू आली की लगेच बंद करा. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झची मात्र काळजी नको. मिक्सरच्या मोटरला कार्बन ब्रश असतात, तिला ५० काय नि ६० काय. इडलीच्या वेट ग्राइंडरचं तसं नाही : त्यात बहुधा इंडक्शन मोटर असते आणि ती ६० हर्ट्झवर सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरते.

व्होल्टेज वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हा मार्ग आहे. मिक्सर सुरू होताना बराच जास्त करंट ओढतो, म्हणून ७५० वॅटच्या मिक्सरला किमान १५०० वॅटचा घ्यावा लागतो. हे काही किलो वजनाचं धूड ओट्यावर ठेवायचं, त्याच सर्किटवर त्यावेळी मायक्रोवेव्ह लावायचा नाही (१५ अँपिअर गुणिले १२० म्हणजे सगळे मिळून १८०० वॅट), आणि ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या सॉकेटात अर्थिंग खरोखर येतं का ते तपासायचं. माझ्या मते एवढा खटाटोप एका चटणीसाठी करू नये. तिकडच्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात, तो घ्यावा. पुण्याचा मिक्सर सासूबाईंबरोबर परत जाऊ द्या.

उलट दिशेचा प्रवास याहून घातक. अमेरिकेतून भेट म्हणून आलेला १८०० वॅटचा हेअर ड्रायर आपल्या २३० व्होल्टवर लावला, तर तो साडेसहा हजार वॅट ओढू पाहतो, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पुढे काय होतं ते वासावरून कळतं.

प्रश्न : बर्लिनमध्ये जुन्या इमारतीत राहतो. माझ्या खोलीतल्या सॉकेटांना नुसती दोन भोकं आहेत. स्वयंपाकघरात मात्र बाजूला धातूच्या पट्ट्याही आहेत. भारतातली थ्री-पिन किटली बसेना म्हणून मित्राने तिची वरची जाड दांडी करवतीने कापून दिली. आता बसते. घरमालक म्हणतो, इतक्या वर्षांत इथे कुणाला काही झालं नाही.

उत्तर : ती किटली आजच टाकून द्या. व्होल्टेजचा प्रश्न नाही, जर्मनीतही २३० च आहे. पण कापलेली दांडी अर्थची होती. उद्या आतल्या कॉइलचं इन्सुलेशन गेलं की स्टीलची बॉडी फेजवर येईल, ब्रेकर पडणार नाही आणि किटली नेहमीसारखी पाणी उकळत राहील. करंटला जमिनीत जायला वाट मिळेल ती तुमच्या हातातून. शिवाय जर्मन पिन सॉकेटात कशीही उलटसुलट घालता येते, त्यामुळे किटलीचं बटण फेज तोडतंय की न्यूट्रल, याचीही खात्री नसते.

बाजूच्या दोन पट्ट्या म्हणजे तिथलं अर्थिंग. जुन्या काळी लाकडी फरशीच्या कोरड्या खोल्यांत पट्ट्यांविना सॉकेटं बसवत. अशा सॉकेटावर फक्त दुहेरी इन्सुलेशनच्या वस्तू लावाव्यात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. फोन, लॅपटॉपचा टू-पिन चार्जर चालेल. किटली, इस्त्री, टोस्टर नाही.

पट्ट्या दिसल्या म्हणून स्वयंपाकघर सुरक्षित, असंही लगेच धरू नका. जुन्या जर्मन वायरिंगमध्ये वेगळी अर्थची तार न टाकता सॉकेटातच न्यूट्रल पट्टीला जोडून देत. पश्चिम जर्मनीत नव्या कामांत ही पद्धत १९७३ पासून बंद झाली, पण जुन्या घरांत ती अजून सापडते. तिच्यात न्यूट्रल कुठे तुटला, तर चालू असलेल्या वस्तूची बॉडीच २३० व्होल्टवर येते. तुमच्या फ्यूजबॉक्समध्ये टेस्टचं बटण असलेला, करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच आहे का बघा. तिथे त्याला एफआय म्हणतात, आपल्याकडे आरसीसीबी. नव्या घरांच्या साध्या सॉकेटांना ३० मिलिअँपिअरचा एफआय २००७ पासून सक्तीचा झाला. जुन्या घराला तो नियम आपोआप लागू होत नाही आणि घरमालक त्याच जोरावर बोलतो.

तरीही घरमालकाला लेखी कळवा, फोटो जोडा, इलेक्ट्रिशियनकडून तपासणी मागा. तोवर सॉकेटात लावायचा ३० मिलिअँपिअरचा पोर्टेबल आरसीडी, म्हणजे तसाच गळतीचा स्विच, मिळतो, तो वापरा. स्वतः सॉकेट उघडू नका. फार जुन्या जर्मन वायरिंगमध्ये लाल तार अर्थची असायची. आपल्या डोक्यात लाल म्हणजे फेज.

प्रश्न : बॉस्टनजवळ भाड्याच्या जुन्या घरात सगळी सॉकेटं दोन खाचांची आहेत. थ्री-पिनसाठी हार्डवेअरच्या दुकानातून छोटा ॲडॅप्टर आणला. लॅपटॉपला हात लावला की झिणझिण्या येतात. बारामतीला घरची वायरिंग मीच केली आहे, तर ही सॉकेटं बदलू का?

उत्तर : त्या छोट्या ॲडॅप्टरला एक धातूचा कान असतो. तो सॉकेटच्या झाकणाच्या स्क्रूखाली दाबायचा असतो आणि मागचा धातूचा डबा अर्थ केलेला असेल तरच त्याचा उपयोग. बहुतेक लोक कान मोकळा सोडतात. मग ॲडॅप्टर म्हणजे अर्थ तोडायचं साधनच झालं.

झिणझिण्या चार्जरमधल्या गाळणी कपॅसिटरमुळे येतात. अर्थ मिळाला नाही की अगदी थोडा करंट बॉडीवर येतो. धडधाकट चार्जरच्या बाबतीत तो त्रासदायक असतो, जीवघेणा नाही. वॉशिंग मशिन किंवा फ्रिजला अशा झिणझिण्या आल्या तर मात्र हे समाधान मानू नका. वस्तू बंद करा.

बदलण्याचं म्हणाल, तर बारामतीचा अनुभवच इथे आड येईल. आपल्या जुन्या पद्धतीत काळी तार न्यूट्रलची. अमेरिकेत काळी फेजची आणि पांढरी न्यूट्रलची. हात सवयीने चालतो. शिवाय घर तुमचं नाही. घरमालकाला जीएफसीआय सॉकेट बसवायला सांगा. अर्थची तार नसलेल्या जागी ते बसवायला अमेरिकेच्या विद्युत संहितेत मुभा आहे, मात्र त्यावर ‘नो इक्विपमेंट ग्राउंड’ अशी चिठ्ठी लावावी लागते. सुमारे ५ मिलिअँपिअर गळती झाली की ते तुटतं, म्हणजे माणूस वाचतो. झिणझिण्या मात्र तशाच राहतील, कारण अर्थ अजूनही आलेला नाही. भिंत न फोडता साधं तीन खाचांचं सॉकेट लावून कुणी ‘काम झालं’ म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : लीड्समध्ये आमच्या बाथरूममध्ये एकही सॉकेट नाही. बाहेरून एक्स्टेन्शन ओढून हेअर ड्रायर लावते. चालेल ना?

उत्तर : नाही. सॉकेट विसरलेलं नाही, नियमाने ठेवलेलं नाही. केस खोलीत येऊन वाळवा. आणि घर भाड्याचं असेल तर घरमालकाकडे विजेच्या तपासणीचा अहवाल मागा. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार दर पाच वर्षांनी तपासणी करून घेणं आणि भाडेकरूला प्रत देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

प्रश्न : मुलगी नोकरीसाठी नाशिकहून ओसाकाला चालली आहे. इस्त्री, किटली, छोटा राइस कुकर बॅगेत भरला आहे. आणखी काय द्यावं?

उत्तर : ते तिन्ही बाहेर काढा. जपानमध्ये १०० व्होल्ट आहेत. आपली इस्त्री तिथे पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी तापेल. पूर्व जपानात ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०, म्हणून तिथली मोटरची वस्तू टोकियोच्या मैत्रिणीकडून जुनी घेतली तर तिच्यावर ५०/६० असं दोन्ही छापलंय का ते पाहायला सांगा. लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, ते खुशाल न्यावेत. चपट्या दोन दांड्यांचा ॲडॅप्टर पुरेल. थ्री-पिन तिथल्या घरांत बऱ्याच ठिकाणी बसत नाही, म्हणून लॅपटॉपला टू-पिनचा चार्जर असेल तर बरं. प्रेशर कुकर जरूर द्या, पण आधी त्याच्या बुडाला चुंबक चिकटतो का पाहा. तिच्या खोलीत इंडक्शनची शेगडी असली आणि चुंबक चिकटत नसला, तर तो कुकर तापणारच नाही.