चूक तिची होती, मग मी 'ढोली' म्हटलं तर बिघडलं कुठे?

समोरच्याने आधी दुखावलेलं असताना रागाच्या भरात त्याच्या वजनावरून बोललो, तर त्यात एवढं काय? हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याच तोंडून येतो. नवरा-बायकोंकडून येतो, भावंडांकडून येतो, एका टेबलावर काम करणाऱ्यांकडूनही येतो. विचारणाऱ्याला बहुधा सल्ला नको असतो, 'तुमचं काही चुकलं नाही' एवढंच ऐकायचं असतं. त्यातलंच हे एक प्रकरण. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

तिशीतली बाई. नवऱ्याशी पटत नव्हतं, वेगळं व्हायचा विचार चालू होता आणि तो तिने फक्त थोरल्या बहिणीला सांगितला होता. 'कोणाला सांगू नकोस' असं बजावूनही ताईने ते दोन नातेवाइकांच्या कानावर घातलं. आठवड्याभरात सासरी फोन गेला. ही तडक ताईच्या घरी पोचली. शब्दाला शब्द लागला आणि ही म्हणाली, "आधी स्वतःचं अंग आवर, मग माझा संसार आवरायला ये. ढोली कुठली! तोंडावर कसलाच ताबा नाही तुझा, ना खाताना ना बोलताना."

माझ्यासमोर तिने हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. थोडी ऐटही होती त्यात. मग लगेच म्हणाली, "मॅडम, चूक ताईची होती ना? आणि मी खोटं कुठे बोलले?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. चूक ताईचीच होती. विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर फोडली, त्याचे परिणाम हिला भोगावे लागले. हिचा राग रास्त होता. हे मी स्पष्ट सांगितलं, कारण रागच चुकीचा ठरवला की माणूस पुढचं ऐकत नाही.

मग मी विचारलं, "त्या दिवसानंतर घरात चर्चा कशाची होते?"

ती गप्प झाली. चर्चा 'ढोली' या शब्दाचीच होती. आई म्हणत होती, सख्ख्या बहिणीला असं बोलतात का? मेहुण्यांनी बोलणं टाकलं होतं. ताई रडत होती आणि सगळे तिची समजूत काढत होते. गुपित कोणी फोडलं, का फोडलं, हे विचारायला कोणाला सवड नव्हती. ज्या बाईने जाब द्यायचा तीच आता पीडित होती, आणि तिला ती जागा हिनेच स्वतःच्या हाताने दिली होती. अन्याय-न्याय बाजूला ठेवू. नुसता व्यवहार पाहिला तरी हा घाट्याचा सौदा होता. शरीरावरून बोललं की मूळ तक्रार तिथेच मरते.

हे तिला पटलं, पण अर्धंच. "म्हणजे डावपेच चुकला म्हणा," ती म्हणाली. हुशार होती. डावपेच जमला असता तर बोलायला हरकत नव्हती का, हा प्रश्न उरतच होता.

अशा वेळी मी एक साधी कसोटी लावायला सांगते. हीच ताई सडपातळ असती आणि तिने हेच गुपित फोडलं असतं, तर तिचा गुन्हा काही ग्रॅमने कमी झाला असता का? नाही ना? मग तिच्या वजनाचा या भांडणाशी संबंध काय? संबंध एवढाच की तिथे मारलं तर लागेल हे हिला ठाऊक होतं. सख्ख्या माणसांना एकमेकांच्या दुखऱ्या जागा माहीत असतात, कारण त्या कधीतरी विश्वासानेच दाखवलेल्या असतात. हिची तक्रार काय होती? ताईने विश्वासाने सांगितलेलं हत्यारासारखं वापरलं. आणि हिने काय वापरलं? लहानपणापासून ताईला शरीरावरून किती चिडवलं गेलं, ती त्यावरून किती रडली, हे हिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. मी हे बोलल्यावर तिने बराच वेळ पर्सच्या चेनशी चाळा केला.

'खोटं कुठे बोलले' याचा निकाल लावायला मला वेळ लागत नाही. खरं असणं ही बोलण्याची परवानगी नव्हे. तिचं लग्न मोडायला आलं होतं, हेही खरंच होतं. ते ताईने चारचौघांत तोंडावर फेकलं असतं तर चाललं असतं का?

"पण मी रागात होते, मनात तसं काही नव्हतं." हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येकाकडून ऐकायला मिळतं आणि मी ते पूर्ण मान्य करत नाही. राग दगड घडवत बसत नाही, हाताशी पडलेला उचलतो. तो शब्द आधीपासून मनात तयार होता. ताई जिना चढताना धापा टाकायची तेव्हा, फोटोत ती मागे उभी राहायची तेव्हा, कधीतरी तो मनात उमटून गेलेला होता. यात ती एकटी दोषी नाही. जाड माणूस म्हणजे आळशी, खादाड, स्वतःवर ताबा नसलेला, असं आपण सगळेच कधी विनोदातून, कधी काळजीच्या सुरात लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचं वाक्य पुन्हा वाचा: 'तोंडावर ताबा नाही, ना खाताना ना बोलताना.' गुपित फोडणं आणि वजन असणं या दोन गोष्टी तिने एकाच स्वभावदोषात बसवून टाकल्या होत्या.

बोलून मोकळं वाटलं असंही ती म्हणाली. किती वेळ? ताईच्या घरून निघून गाडीत बसेपर्यंत. रात्री तर ती जास्तच धुमसत होती. यात नवल नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चिडवलेल्या लोकांपैकी काहींना चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला दिले, काहींना नुसतं शांत बसवलं. ठोसे मारणारेच नंतर जास्त रागावलेले आणि जास्त आक्रमक निघाले. राग ओकला की निवळतो ही समजूत तेवढीशी खरी नाही.

दरम्यान आईने या सगळ्यात एक वेगळंच पिल्लू सोडलं होतं. हिची बाजू घ्यायची म्हणून ती म्हणाली, "कोणीतरी तिला सांगायलाच हवं होतं. निदान आता तरी मनावर घेईल." हा युक्तिवाद मी जरा जास्त गांभीर्याने घेते, कारण तो प्रेमाच्या वेषात येतो. वजनावरून अपमान केल्याने वजन उतरतं असं दिसत नाही, उलटच दिसतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सहा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. वजनावरून भेदभाव वाट्याला आल्याचं सांगणारे, जे सुरुवातीला लठ्ठ नव्हते, ते चार वर्षांनी लठ्ठ झालेले असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट होती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या एका अभ्यासातही तसंच दिसलं. अशी वागणूक मिळालेल्यांचं वजन चार वर्षांत सरासरी जवळपास एक किलोने वाढलं, तर ती न मिळालेल्यांचं थोडं उतरलं. या पाहण्या आहेत, प्रयोग नव्हेत. अपमानामुळेच वजन वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण लाज वाटली की माणूस बारीक होतो, या समजुतीला त्यात कुठेही आधार नाही. माझ्याकडे येणारी माणसं सांगतात तेही याच्याशी जुळतं. ज्याला कोणी तरी हसलेलं असतं तो व्यायामशाळेत जायला लाजतो, डॉक्टरकडे जायचं टाळतो आणि दार लावून एकटा खातो.

पुढच्या भेटीला ती आली ती रडवेली होऊन. आईकडून तिला कळलं होतं की ताई दम्यासाठी बराच काळ स्टिरॉइड घेत होती आणि वजन त्या काळात झपाट्याने वाढलं होतं. "मला माहीत असतं तर मी कधीच बोलले नसते."

तिचा पश्चात्ताप खरा होता, तरी मी तिला तिथे थांबवलं. स्टिरॉइडने वजन वाढतं, काही मानसिक आजारांवरच्या औषधांनी वाढतं, थायरॉइड मंदावल्याने, पीसीओएस या बायकांमधल्या संप्रेरकांच्या विकारामुळे वाढतं. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून शरीराच्या बांध्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं वारंवार दिसलं आहे. हे सगळं लोकांना माहीत असावंच. पण यातलं एकही कारण नसतं, ताई निव्वळ जास्त खात असती, तर 'ढोली' म्हणणं चाललं असतं का? औषधाची चिठ्ठी दाखवल्यावरच ज्याला सन्मान मिळतो, त्याला तो मिळाला असं मी म्हणणार नाही. ताईने काहीही सिद्ध न करता हिने शब्द मागे घ्यायला हवा होता.

मग आम्ही माफीवर आलो. तिने लिहून आणलेला मजकूर असा होता: 'मी बोलले ते चुकलं, पण तूही माझा विश्वासघात केलास.' वाक्य खोटं नव्हतं, पण त्या 'पण'ने माफीचा हिशेब करून टाकला होता. मी दोन बोलणी वेगळी करायला सांगितली. आधी नुसती माफी, कारणं न देता, उत्तराची अपेक्षा न ठेवता. गुपिताची तक्रार नंतर, वेगळ्या दिवशी, आणि तीही सोडून न देता. 'मी तुला एकटीला सांगितलं होतं. तू ते बाहेर सांगितलंस. त्यामुळे मला सासरी जाब द्यावा लागला. आता तुला काही सांगायची भीती वाटते.' यात एकही शिवी नाही, आणि ताईला यातून सुटायला वाटही नाही. माझ्या मते हे 'ढोली'पेक्षा जास्त बोचतं, आणि बोचायला हवं तिथेच बोचतं. बोलता बोलता छाती धडधडायला लागली तर 'मी अर्ध्या तासाने येते' म्हणून उठायचं, हेही ठरवलं. पेटलेलं शरीर निवायला निदान वीसेक मिनिटं द्यावीत असं जॉन गॉटमनसारखे दांपत्यांवर संशोधन करणारे सांगतात, आणि बहिणींना ते लागू नसावं असं मला काही वाटत नाही.

एका माणसाचा हिशेब मात्र तिने केलाच नव्हता. ताईची तेरा वर्षांची मुलगी. बांधा आईसारखा. भांडण झालं तेव्हा ती आतल्या खोलीत होती. त्यानंतर मावशी आली की ती बाहेर येईना. ज्याच्यावर आपण ओरडतो त्याच्या एकट्यापुरता हा शब्द राहत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येक जाड माणसाला कळतं की उद्या आपल्यावर राग आला तर आपल्यालाही हेच ऐकावं लागणार. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या चार हजारांहून जास्त किशोरवयीन मुलामुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना वजनावरून चिडवलं जात होतं त्यांच्यात न्यूनगंड, नैराश्याची लक्षणं, आत्महत्येचे विचारसुद्धा जास्त आढळले, आणि हे त्यांचं वजन प्रत्यक्षात किती होतं यावर अवलंबून नव्हतं.

"तिला जाऊन सांगते, तू अजिबात जाड नाहीस," ती म्हणाली. नको, मी म्हणाले. त्याचा अर्थ जाड असणं वाईटच, फक्त तू त्यातली नाहीस, असा होतो. शिवाय तिच्या घरात आरसा आहे. मावशीने एवढंच म्हणावं की मी तुझ्या आईला जे बोलले ते चुकीचं होतं, कोणालाही तसं बोलणं चुकीचं आहे. तिने तसं म्हटलं. मुलगी 'बरं' म्हणाली आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसली. तेराव्या वर्षी याहून जास्त मिळत नाही.

ताईने माफी ऐकून घेतली, गळ्यात वगैरे पडली नाही. पण काही दिवसांनी गुपिताचा विषय निघाला तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली की तिचं चुकलं. काळजीपोटी सांगितलं, पण सांगायला नको होतं. त्या दोघींनी आता आपापसात काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. त्यातली एक ताईने घातलेली अट आहे. माझ्या वजनाविषयी या घरात कोणी बोलायचं नाही, 'बारीक दिसतेस हं' असं कौतुकसुद्धा नको. माफी मागण्यापेक्षा हे पाळणं धाकटीला अवघड जातंय. मागच्या भेटीत तिने कबूल केलं की तोंडापर्यंत येतं आणि गिळावं लागतं.