आधी रिंगखाली ये

काल रात्री सव्वाअकराला पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज मी आज पहाटे ऐकला, दोनदा ऐकला. बास्केटबॉलच्या ट्रायलमधून नाव गेलं, का विचारलं तर 'आउटसाइड शूटिंग नाही' एवढंच उत्तर मिळालं, तेव्हापासून तू रोज 300 थ्री, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन पॉइंटचे शॉट, मारतीयेस, खांदा दुखायला लागलाय, आणि विचारतीयेस की सर, मी गार्डच, बॉल पुढं नेणारी, खेळत राहू का सगळं सोडून बारावीचं बघू. बारावीचं बघायचंच आहे, त्यात विचारायचं काय. पण ते 300 थ्री आजपासून बंद. एकही मारायचा नाही. उद्या सकाळी रिंगच्या पुढं दोन पावलांवर उभी राहा आणि तिथून सुरू कर.

राग येणार तुला, माहितीये मला. बाहेरून जमत नाही म्हणून काढलं आणि सर मला आत बोलवतायत. पण मागच्या रविवारी मी बोर्डाच्या मागं उभा होतो ना, तेव्हा तुला वाटलं असणार मी बास्केट मोजतोय. मी बॉलवरच्या काळ्या रेषा बघत होतो. मनगट सरळ मोडलं आणि शेवटचा स्पर्श पहिल्या दोन बोटांचा असला की बॉल सरळ उलटा फिरत जातो, रेषा एकाच जागी फिरताना दिसतात. तुझ्या रेषा डुलत होत्या, भोवरा पडायला आला की डुलतो तशा. कारण तुझा डावा अंगठा. डाव्या हाताचं काम बॉलला नुसता आधार द्यायचं, पण तू सोडताना त्या अंगठ्यानं ढकलतेस, प्रत्येक वेळी, फाउलनंतर कुणी न अडवता मिळणाऱ्या फ्री थ्रोला सुद्धा. जवळून ते खपून जातं कारण बोर्ड सांभाळून घेतो. लांबून कुणी सांभाळत नाही. आता हा अंगठा घेऊन रोज 300 मारलेस तर काय पक्कं होणार? अंगठाच पक्का होणार.

अजून एक सांगायचं राहिलं होतं. तू गेल्यावर मी टेप लावून तुमच्या ग्राउंडवरची थ्रीची रेष मोजली. रिंगच्या बरोबर खालच्या बिंदूपासून सव्वासहा मीटर भरली. ही जुनी रेष आहे गं, आमच्या वेळची. 2010 पासून ती 6.75 ला गेली, तुमच्या ग्राउंडवर नवीन कुणी मारलीच नाही आणि तू दोन वर्षं तिच्यावरच उभी राहतीयेस. ट्रायलला गेलीस तर अर्धा मीटर मागं, पहिले दोन बॉल रिंगला न लागता खाली, मग तू घाबरून कमरेपासून बॉल फेकायला लागलीस, हे तूच सांगितलंस. कमरेपासून फेकलेला बॉल चपटा जातो. आता हिशोब बघ, तुझं मॅथ्स चांगलंय. रिंग आतून 45 सेंटीमीटर, तुमचा सहा नंबरचा बॉल साधारण 23. बॉल 45 अंशात उतरला तर त्याला जवळजवळ 32 सेंटीमीटरची वाट मिळते. 30 अंशात आला तर साडेबावीस. 23 चा बॉल साडेबावीसमधून सरळ जाईल कसा? रिंगला लागल्याशिवाय जाणारच नाही. म्हणजे तो फेकलेला थ्री नशिबानं पडतो, आणि नशिबावर सिलेक्शन होत नसतं.

म्हणून म्हणतो, आधी रिंगखाली ये.

तू मला एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या लीगमधल्या, स्टीफन करीचे रील पाठवतेस, पार मैदानाच्या मधल्या लोगोवरून मारलेले. त्याची एक गोष्ट रीलमध्ये नसते. शाळेत असताना तो बारका होता, बॉल कमरेपासून वर आणून मारायचा, अगदी तुझ्यासारखा. वडील डेल करी स्वतः एनबीएमधले नावाजलेले शूटर. एका उन्हाळ्यात त्यांनी पोराचा शॉट मोडून डोक्याच्या वरून सोडायला लावला, आणि पहिले काही आठवडे त्या पोराला पेंटच्या, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनाच्या, बाहेरून शॉट मारता येत नव्हता. करीला! रडकुंडीला आला होता म्हणतात. तो उन्हाळा त्यानं रिंगजवळ काढला, म्हणून 2015-16 च्या एका सीझनमध्ये 402 थ्री पडले. आपल्याकडं आर्चरीची पोरं बघ, लक्ष्याचा कागद काढून टाकतात आणि चारपाच पावलांवरून नुसत्या गठ्ठ्यावर बाण मारत बसतात, हात एकसारखा यावा म्हणून. आपल्या सातारची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये 17 व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली ती 50 मीटरवरून, पण आर्चरीत कुणी 50 मीटरवर शिकायला सुरुवात करत नाही.

आता माझं सांगतो, कारण तुझा मेसेज ऐकून मला झोपेतून कुणीतरी हलवल्यासारखं झालं.

मी पण गार्ड. साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाच्या चढावर पळून पाय तयार केलेले, पहिल्या पावलाला मला कुणी धरू शकायचं नाही. आमचे कोच म्हणायचे, तू घुस, रिंगजवळ जाऊन लेअप मार, बाहेरनं मारायचं काम दुसऱ्यांचं. मी ऐकलं. घुसत होतो, पॉइंट पडत होते, टाळ्या मिळत होत्या, मग कशाला कोण रिंगखाली उभं राहून मनगट घोटतंय? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका मॅचला समोरच्यांनी 2-3 झोन लावला, म्हणजे दोघं पुढं आणि तिघं रिंगजवळ, आणि माझ्या समोरचा मला सोडून सरळ फ्री थ्रो लाईनवर जाऊन उभा राहिला. हात खाली. माझ्याकडं बघत पण नव्हता. सगळं ग्राउंड बघतंय, मी एकटा बाहेर मोकळा, आणि बॉल हातात. चार वेळा असं झालं आणि चारी वेळा मी आत सेंटरला, रिंगजवळ खेळणाऱ्याला, पास दिला, त्याच्या अंगावर दोघं. शेवटचा पास तोडला आणि मॅच गेली.

घाबरला म्हणाले लोक. आमच्यातलेच. मी आजही सांगतो, मी घाबरलो नव्हतो. जो शॉट आपल्या हातात नाही तो मारून टीमचा बॉल घालवायचा याला मी हिंमत म्हणत नाही, त्या दिवशी माझ्याकडं जे होतं त्यात पासच बरोबर होता. आणि परिस्थिती पण बघ की, एक लेदरचा बॉल तो कपाटात कुलपात, आम्ही रबरी बॉलवर खेळायचो, रिंग एका बाजूला वाकलेली, नेट नाही, यवतेश्वराच्या डोंगराकडनं वारा सुटला की लांबचा बॉल कुठल्या कुठं. पण हे सगळं धरूनसुद्धा रिंगपासून दोन पावलांवर वारा नव्हता ना. तिथं उभं राहायला मला कुणी अडवलं नव्हतं. चार वर्षं रोज पंधरा मिनिटं फक्त. हे मला अजून टोचतं, आणि तू तेच करायला निघालीस म्हणून मी चिडतोय, तुझ्यावर नाही.

आणि शूटिंग फक्त तीन पॉइंटसाठी लागतं असं समजू नकोस. तुझी ताकद घुसणं आहे, ती सोडायला कोण सांगतंय? पण तू बाहेरून मारत नाहीस हे एकदा कळलं की आपल्या पोरीनं वाटेत उभं राहून स्क्रीन, म्हणजे आडोसा, लावला तरी डिफेंडर तुझ्या मागं येत नाही, स्क्रीनच्या खालून निघून आत तुझी वाट बघत उभी राहते. मग घुसणार कुठं? शॉटची भीती बसली तर ती एक पाऊल वर येते, आणि ते एक पाऊल तुझं. जेसन किड असाच गार्ड, 1994 ला एनबीएत आला, पास आणि डोकं असं की विचारू नको, पण लोक त्याच्या नावातलं पहिलं इंग्रजी अक्षर जे काढून चिडवायचे, जे म्हणजे जम्प शॉट, तो नाहीच म्हणून. त्यानं वय वाढत गेलं तसा शॉट कमावला. 2011 ला डॅलसकडून 38 व्या वर्षी चॅम्पियन, 2013 ला थांबला तेव्हा 1,988 थ्री, तेव्हाच्या यादीत तिसरा. तू 17 ची आहेस आणि मला म्हणतेस उशीर झाला.

तर आता नीट वाच, परत विचारू नकोस. डावा हात पाठीमागं. रिंगपासून दोन पावलं. उजव्या हातानं एकटीनं बॉल वर, कोपर रिंगकडं, गुडघे वाकव कारण ताकद तिथनं येते, खांद्यातून नाही, खांदा दुखतोय तो उगाच नाही. बॉल सुटल्यावर हात वरच ठेव, नेटमधून खाली येईपर्यंत. रिंगला न लागता सलग दहा पडले आणि रेषा सरळ फिरल्या की मग डावा हात लाव, नुसता लाव, परत दहा. मग एक पाऊल मागं. रेषा डुलल्या की एक पाऊल पुढं. लाज वाटून घ्यायची नाही, बाकीची पोरं लांबून फेकत असतील तर फेकू देत. दिवसाला 100 बास, पण वहीत लिहायचे, कुठल्या पावलावरून किती. फ्री थ्रो लाईनपर्यंत यायला दोन महिने लागतील, कदाचित तीन. तिथनं 6.75 काही लांब नाही, पाय तेच, मनगट तेच.

पण दोन महिन्यांत पाऊस आहे, तुमच्या सिमेंटवर शेवाळ धरतं, म्हणशील सर आता कसं. भिंतीवर मार. घरात गादीवर आडवी पडून वर छताकडं मार, बॉल सरळ हातात परत आला पाहिजे, नाही आला तर अंगठा लागला समज. आई ओरडेल, तिला सांग मी सांगितलंय.

रविवारी सहाला ये, पंप घेऊन ये, तुझ्या बॉलमधली हवा कमी आहे. मी टेप आणि खडू आणतो, 6.75 ची खरी रेष मारून ठेवू. तिच्यावर उभं राहायचं नाही अजून. मारून ठेवू फक्त.