गिऱ्हाइकासमोर सुचणारे शब्द कॅमेऱ्यासमोर कुठे जातात?

प्रश्न : मी पंधरा वर्षे घरूनच इरकल साड्या, खणाचे कापड आणि कसुतीचे भरतकाम केलेल्या साड्या विकते. शहापूर, अनगोळ, टिळकवाडी येथील बायका घरी येतात, तेव्हा त्यांच्याशी तास तास बोलताना मला काही वाटत नाही. कोल्हापूर आणि पुण्याच्या गिऱ्हाइकांसाठी आता मोबाइलवर व्हिडिओ करून टाकावेत, असे मुलीचे म्हणणे आहे; परंतु मोबाइल समोर धरला की माझा घसा कोरडा पडतो. एका साडीचा व्हिडिओ सोळा वेळा काढला आणि शेवटी एकही टाकला नाही. स्वतःचा आवाज ऐकवत नाही, चेहरा बघवत नाही. त्यातच आमच्याकडे बायकाही ‘मी दाखवतो’, ‘मी आलो’ असेच बोलतात. पुण्याच्या एका नातेवाईक बाईंना व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्या माझ्या बोलण्यावर हसल्या. तेव्हापासून शुद्ध बोलायचा प्रयत्न करते आणि वाक्य अर्ध्यावरच अडते. काय करावे?
— एक भगिनी, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, ‘घरी आलेल्या बायकांशी तास तास बोलते’ हे आपल्या पत्रातले वाक्य मी दोनदा वाचले. बोलताच येत नाही अशी आपली अडचण नाही. घरी सतरंजीवर साडी उलगडली की समोरची बाई पदराला हात लावते, मान हलवते, ‘दुसरा रंग हाय काय?’ असे विचारते आणि आपले पुढचे वाक्य त्या विचारण्यातूनच निघते. मोबाइलच्या काचेतून असे काहीच परत येत नाही, आणि ती रिकामी जागा आपले मन स्वतःच भरून काढते. पत्रावरून दिसते ते असे, की आपल्या मनाने तेथे पुण्याच्या त्या बाईंना बसवले आहे. हसण्यासाठीच बसलेल्या माणसाला साडी दाखवायची म्हटल्यावर कोणाचाही घसा कोरडा पडेल.

म्हणून पहिला उपाय तंत्राचा नाही. मोबाइलच्या मागे एक खरे माणूस बसवावे. मुलीला ‘आता बोल, आता थांब’ असे सांगण्याच्या कामावर ठेवू नये. तिने गिऱ्हाईक होऊन बसावे आणि खरोखरीचे प्रश्न विचारावेत. त्याहून चांगले म्हणजे गल्लीतली एखादी जुनी गिऱ्हाईक साडी पाहायला आली असता, तिची परवानगी घेऊन, तिचा चेहरा न दाखवता, आपण नेहमीसारखे जे बोलता तेच मोबाइलने टिपून घ्यावे. त्या वीस मिनिटांतून दोन मिनिटे तरी अशी निघतील, की ज्यांत आपण कॅमेरा विसरलेल्या असाल. तीच दोन मिनिटे पहिला व्हिडिओ म्हणून वापरावीत.

आता आवाजाविषयी. बोलताना आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो: एक हवेतून कानावर आणि दुसरी कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानापर्यंत. हाडांमधून येणारा आवाज खालच्या पट्टीचा, भरदार वाटतो. ध्वनिमुद्रणात ही दुसरी वाट नसते, त्यामुळे आवाज पातळ आणि परका वाटतो. फिलिप होल्झमन आणि क्लाइड राउसी या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये आपला मुद्रित आवाज ऐकल्यावर होणाऱ्या या अस्वस्थतेचा अभ्यास करून तिला स्वतंत्र नावही दिले होते. माझा स्वतःचा आवाज मी टेपरेकॉर्डरवर प्रथम ऐकला, तेव्हा घरातले दुसरेच कोणीतरी मध्ये बोलले असावे असे मला वाटले होते. लक्षात घेण्याची गोष्ट ही, की आपल्याला परका वाटणारा तो आवाजच वडगावातल्या सगळ्या बायकांच्या ओळखीचा आहे. त्यांनी आपला दुसरा आवाज कधी ऐकलेलाच नाही.

चेहऱ्याचेही काहीसे असेच आहे. आपण जन्मभर स्वतःला आरशात पाहतो, म्हणजे डाव्याचे उजवे झालेले पाहतो. १९७७ च्या एका प्रयोगात स्त्रियांना त्यांच्याच छायाचित्राच्या सरळ आणि उलट अशा दोन प्रती दाखवल्या, तेव्हा त्यांना बहुधा आरशातल्यासारखी उलट प्रत आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ प्रत आवडली. मोबाइल हातात धरून जवळून चित्रीकरण केले, तर त्यात आणखी एका दोषाची भर पडते. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी केलेल्या गणितानुसार सुमारे १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक, ५ फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत, जवळजवळ ३० टक्के रुंद दिसते. तेव्हा ज्या चेहऱ्यावर आपण रागावलेल्या आहात, तो निम्मा अंतराने घडवलेला आहे. मोबाइल स्टँडवर, डोळ्यांच्या उंचीला, ४-५ फूट दूर ठेवावा आणि मागच्या बाजूचा कॅमेरा वापरावा. त्यामुळे पडद्यावर स्वतःला पाहताही येणार नाही, आणि बोलता बोलता स्वतःवर पहारा ठेवण्याची सवय आपोआप सुटेल. उजेड खिडकीचा असावा, तो समोरून यावा, पाठीमागून नको. वडगावात मागांची खटखट दिवसभर चालते, हे मला ठाऊक आहे. जेवणाच्या सुट्टीत माग थांबतात, ती वेळ चित्रीकरणासाठी धरावी.

भाषेच्या प्रश्नावर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण खरी गाठ तेथेच बसली आहे असे वाटते. ‘मी दाखवतो’, ‘मी आलो’ असे बायकांनी म्हणणे ही बेळगाव, खानापूर, चंदगड आणि कोल्हापूरच्या ग्रामीण भागातील बोलीची रीत आहे. आपल्या आईने, आजीने ती वापरली असणार. ती चूक नाही आणि तिच्याबद्दल खुलासा करण्याचेही कारण नाही. आपण शुद्ध बोलायला जाता, तेव्हा एकाच वेळी दोन कामे करत असता: साडी दाखवणे आणि मनातल्या मनात प्रत्येक क्रियापद बदलून घेणे. वाक्य अडते ते या दुसऱ्या कामामुळे. त्याला कॅमेऱ्याची भीती समजणे ही आपली गल्लत आहे. एकदा प्रयोग म्हणून ‘बघा की, हा पदर कसा जोडलाय ते दाखवतो’ असे आपल्या नेहमीच्या ठेक्यात बोलून पाहावे. पुण्याच्या गिऱ्हाइकाला अडचण येईल ती भाव, लांबी आणि धुण्याची पद्धत समजण्यात. तेवढे व्हिडिओवर अक्षरांत लिहावे, म्हणजे काम झाले.

ज्या बाई हसल्या, त्यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगतो. आपल्यातले वैगुण्य सगळ्यांच्या डोळ्यांत भरते, असा प्रत्येकाचा समज असतो. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, एका गायकाचे चित्र छापलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतरांच्या खोलीत पाठवले होते. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल, असे त्या विद्यार्थ्यांना वाटले. प्रत्यक्षात जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनाच चित्रातला गायक ओळखता आला. साडी पाहायला आलेली बाई साडीचा काठ पाहते. आपले क्रियापद मोजायला ती आलेली नसते.

आता काय बोलावे, याचा साठा तर आपल्या कपाटातच आहे. इरकलचे अंग आणि पदर यांचे ताणे वेगवेगळे तयार करून फासे अडकवून ते जोडतात, आणि या पद्धतीला ‘टोपे टेणी’ म्हणतात, हे बोट ठेवून दाखवायला अभिनय लागत नाही. कसुती उलटी करून दाखवावी: धाग्याला गाठ नाही, आणि गवंती व मुरगी या टाक्यांची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. हात कामात असले की नजर हातांवर राहते आणि जीभ मोकळी होते. फक्त पहिले वाक्य पाठ करावे, बाकीचे पाठ करू नये. पाठ केलेल्या मजकुरातला एक शब्द निसटला की पुढचे सगळेच निसटते.

घाई मात्र करू नये. पहिला आठवडा केवळ हात आणि कापड दिसेल असे, न बोलता टिपावे. नंतर त्यावर बोलावे. त्यानंतर चेहरा दिसणारा एक छोटा व्हिडिओ ओळखीच्या एकाच गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवावा, आणि तिने साडीबद्दल काही विचारले की मगच तो सर्वांसाठी टाकावा. चित्रीकरण झाल्याबरोबर पाहून पुसून टाकण्याची सवय सोडावी. दुसऱ्या दिवशी आधी आवाज बंद करून पाहावे आणि मग चित्र न पाहता नुसते ऐकावे. छातीत धडधडू लागले, तर ‘शांत हो’ असे स्वतःला बजावण्यापेक्षा ‘मला उत्साह आला आहे’ असे म्हणून पाहावे. ॲलिसन वूड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असे म्हणणाऱ्यांची भाषणे शांत होऊ पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरली होती. धडधड तीच राहते, तिला नाव तेवढे दुसरे मिळते.

प्रश्न : आमचा चपलांचा पिढीजात धंदा आहे. पुतण्या व्हिडिओ करायला सांगतो, पण वडिलांना आणि मला दोघांनाही चेहरा दाखवायचा नाही. चेहऱ्याशिवाय व्हिडिओ चालेल का? — एक कारागीर, अथणी

उत्तर : चालेल, आणि आपल्या धंद्यात तर तोच शोभेल. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्यावर रापी, म्हणजे कातडे कापण्याचे हत्यार, कशी फिरते, वेणी कशी घातली जाते, हे वडिलांच्या हातांइतके कोणताही चेहरा सांगू शकणार नाही. आवाज आपला द्यावा. कोल्हापुरी चप्पल फक्त कोल्हापुरात होते, असे समजणारे गिऱ्हाईक पुष्कळ आहे. तिचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर या जिल्ह्यांनाही आहे, एवढी माहितीसुद्धा एका व्हिडिओचा विषय होईल. मात्र दुकानातल्या इतर कारागिरांचे हात किंवा चेहरे दिसणार असतील, तर त्यांना आधी विचारावे. मालकाला नाही म्हणणे त्यांना जड जाते, म्हणून ‘नको असेल तर नको’ हे आपणच सांगून टाकावे.

प्रश्न : माझे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. व्हिडिओचा विचार आला तरी दोन दिवस झोप येत नाही. मला फोन घेणे, चारचौघांत जेवणे हेही टळले तर बरे वाटते. — एक तरुण, निपाणी

उत्तर : आपला प्रश्न या सदरातल्या इतर प्रश्नांसारखा नाही. केवळ कॅमेऱ्याची लाज असती, तर जेवण आणि फोन यांच्यापर्यंत ती पोहोचली नसती. लोकांसमोर येण्याची अशी सर्वव्यापी भीती हा ओळखता येणारा आणि उपचारांनी कमी होणारा त्रास आहे, तेव्हा व्हिडिओ तूर्त बाजूला ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आपल्या भागातून धारवाडची मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था जाण्यासारखी आहे, आणि आज लगेच कोणाशी बोलावेसे वाटले, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते. फोनचीच धास्ती असल्यास घरातल्या एखाद्या माणसाला शेजारी बसवून तो लावावा. पहिले दोन शब्द त्याने बोलले तरी चालतील.