ठाण्यातील वाइन शॉपमध्ये दिसणारे बिअरचे इतके ब्रँड खरोखर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात का?

बहुतांशी नाही. बाजारावर तीनच गटांचे वर्चस्व आहे: किंगफिशर बनवणारी युनायटेड ब्रुअरीज (२०२१पासून हाइनकेनच्या नियंत्रणाखाली), बडवायझरची एबी इनबेव्ह आणि कार्ल्सबर्ग. त्याच वर्षी स्पर्धा आयोगाने संगनमताने दर ठरवल्याबद्दल पहिल्या व तिसऱ्या गटाला आठशे कोटींहून अधिक दंड ठोठावला. या संगनमताची आयोगाला आधी माहिती देणारी एबी इनबेव्ह मात्र दंडातून सुटली, हे पुरेसे बोलके आहे. मद्य हा राज्यांचा विषय असल्याने कंपन्या राज्याराज्यांत कारखाने चालवतात. युनायटेडचा एक तळोजा येथे आहे. मायक्रोब्रुअरीचे, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या कारखान्यांचे, गणित निराळे आहे: तेथील बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते, यीस्टमुळे गढूळ दिसते आणि थंड ठेवूनही फार टिकत नाही, म्हणून ती टाकीतून थेट पेल्यात येते, दुकानाच्या फळीवर नाही.